नटाला बसेल तोच पाना: घरच्या सायकल दुरुस्तीची हत्यारं

सायकलची हत्यारं घ्यायची म्हटलं की ऑनलाइन सगळ्यात आधी दिसते ती काळी प्लॅस्टिकची पेटी. आत तीस-चाळीस वस्तू आपापल्या खाचेत बसलेल्या. ती घेऊ नका. त्यातल्या निम्म्या वस्तू तुमच्या सायकलला लागतच नाहीत. उरलेल्यांतल्या काहींचं लोखंड इतकं मऊ असतं की जरा जोर दिला की पान्याचं तोंड फाकतं आणि नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. गोल नट काढायला मग छिन्नी-हातोडी घेऊन बसायचं. त्यापेक्षा सायकल जे मागेल तेच घ्यावं, एकेक करून घ्यावं, आणि घ्यायचं तर नीट बघून घ्यावं. कोल्हापुरात हे अवघड नाही. लक्ष्मीपुरी-शाहूपुरीकडं हार्डवेअरची दुकानं आहेत, आणि बाजारात न मिळणारी वस्तू बनवून द्यायला छोट्या कारखान्यांचं उद्यमनगर आहेच.

आधी आपली सायकल ओळखा

आपल्याकडं रस्त्यावर ढोबळमानानं तीन जातींच्या सायकली दिसतात. पहिली, काळी उंच साधी सायकल: २८ इंची चाकं, वायरीऐवजी सळ्यांवर चालणारे रॉड ब्रेक, आणि क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, जागी धरणारी कॉटर पिन. दुसरी, शाळा-क्लासला जाणाऱ्या पोरांची जाड टायरची, गिअरवाली किंवा बिनगिअरची. तिसरी, सकाळी रंकाळ्याला चक्कर मारणारी आणि रविवारी पन्हाळा-जोतिबाचा चढ चढणारी हायब्रिड नाही तर रोड बाईक. पहिलीला एलन की, म्हणजे षटकोनी खाचेच्या बोल्टाला लागणारी एल आकाराची की, जवळजवळ कुठंच लागत नाही. तिसरीला उलट सगळं एलन कीवरच चालतं, साधा पाना फारसा लागतच नाही.

म्हणून खरेदीआधी एक संध्याकाळ सायकलजवळ बसा. कागद घ्या, पुढच्या चाकापासून सुरुवात करा आणि प्रत्येक नट-बोल्टासमोर त्याचं माप लिहा. षटकोनी नटाचं माप म्हणजे समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. ते स्टीलच्या पट्टीनं मिळतं, शेजाऱ्याकडं व्हर्नियर असेल तर आणखी बरं. मागच्या चाकाचा नट बहुतेक वेळा १५ मिलिमीटरचा निघतो, पायडलही १५चा. ब्रेक-मडगार्डकडं ८, ९, १० ही मापं दिसतात. एलनच्या बोल्टांत ५ नंबरचा राजा, मग ४ आणि ६, आणि बारीक स्क्रूंना २, २.५, ३. डिस्क ब्रेक असेल तर चकतीचे बोल्ट बघा. तिथं षटकोनाऐवजी चांदणीसारखी खाच असते आणि तिला टी-२५ मापाची चांदणी-तोंडाची की लागते. एलन की कोंबून तो बोल्ट फिरवायला जाऊ नका.

ही यादी खिशात घालून दुकानात जा. हीच तुमची पेटी.

पाने, एलन की आणि एक नावडता पाना

८ ते १७ मिलिमीटरपर्यंतचे, एका बाजूला उघडं तोंड आणि दुसऱ्या बाजूला रिंग असलेले पाने घ्या. टपारियासारखा मेक कुठल्याही हार्डवेअर दुकानात मिळतो आणि घरच्या कामाला आयुष्यभर पुरतो. नट घट्ट असेल तर रिंगच वापरायची, कारण ती सहाही कोपरे धरते. उघडं तोंड दोनच बाजू धरतं, त्यामुळं ते नट सैल झाल्यावर भराभर फिरवायला.

स्क्रू पाना, म्हणजे तोंड लहान-मोठं करता येणारा, प्रत्येक घरात असतो आणि सायकलचे सगळ्यात जास्त नट त्यानंच खराब होतात. वापरायचाच झाला तर तोंड नटावर पूर्ण घट्ट करून घ्या आणि जोर स्थिर जबड्याच्या बाजूला येईल असा फिरवा, सरकत्या जबड्यावर नको. पण खरं सांगायचं तर तो नळाच्या कामाला ठेवा.

एलन की लांब दांड्याच्या घ्या. एका टोकाला गोलसर बोंडूक असलेल्या मिळतात, त्या तिरक्या जागी बोल्ट फिरवायला सोयीच्या. मात्र शेवटचं आवळणं नेहमी सपाट टोकानंच. आणि एक सवय लावून घ्या: की घालण्याआधी बोल्टाच्या खाचेतली माती टाचणीनं उकरून काढायची. पावसाळ्यात गगनबावडा नाही तर राधानगरीकडं जाऊन आलेल्या सायकलच्या खाचांत तांबडी माती वाळून बसलेली असते. की वरवर टेकते, आपण जोर देतो, आणि खाच गुळगुळीत होते.

किती आवळायचं? हँडलच्या बोल्टांवर बहुधा ५ किंवा ६ न्यूटन-मीटर असा आकडा छापलेला असतो. किती जोर लागतोय ते दाखवणारा टॉर्क पाना घरी नसेल तर की उलटी धरा, म्हणजे लांब बाजू बोल्टात आणि आखूड बाजू हातात. मग गरजेपेक्षा जास्त जोर लागतच नाही. चाकाचे नट आणि पायडल यांना मात्र पुरा हात लावायचा. हँडल धरणारी चार बोल्टांची पट्टी असेल तर समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे, आळीपाळीनं आवळत जायचे. कार्बनच्या नळीचं हँडल असेल तर असल्या अंदाजावर जाऊ नका, टॉर्क पानाच हवा.

पायडलचं एवढं लक्षात ठेवा की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. डावं-उजवं डोक्यात घोळत असेल तर सोपा नियम असा: पाना वरच्या बाजूला उभा धरा आणि त्याचं टोक मागच्या चाकाकडं ढकला. दोन्ही बाजूंचं पायडल सैल होईल. बसवताना आट्यांना ग्रीसचं बोट फिरवा, नाही तर दोन पावसाळ्यांनंतर ते क्रँकला चिकटून बसतं. सीटच्या नळीलाही तेच.

पंक्चर

नव्या माणसाला सगळ्यात आधी हेच काम शिकावं लागतं. बांधावरची बाभूळ, वेड्या बाभळीचे काटे, वर्कशॉपकडच्या रस्त्यांवरचा लोखंडी कीस: कारणांना तोटा नाही.

लागणारी हत्यारं थोडी. टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या (स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको, ट्यूब फाडतो), पॅच, रबर सोल्युशन, खरखरीत पॉलिश पेपरचा तुकडा, बारीक चिमटा, बॉलपेन, आणि घरात ठेवायला काटा असलेला उभा पंप. पंपावर पैसे वाचवू नका. हवेचा काटा नसलेला पंप म्हणजे अंदाजपंचे, आणि कमी हवेमुळं होणारी पंक्चर काट्यांमुळं होणाऱ्यांपेक्षा कमी नसतात. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर उमटवलेलं असतं, ते वाचा.

आधी वॉल्व्ह बघा. साध्या काळ्या सायकलच्या जुन्या वॉल्व्हमध्ये एका पितळी खुंटीवर बारीक रबरी नळी चढवलेली असते, तिला वॉल्व्ह ट्यूब म्हणतात. ही नळी उन्हानं कुजते, चिरते, आणि चाक हळूहळू बसतं. आपण पंक्चर समजून टायर उघडत बसतो. म्हणून अशा सायकलला पहिलं काम: वॉल्व्हच्या तोंडाला थुंकी नाही तर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर पंक्चर नाहीच. खुंटी काढा, जुनी नळी ओढून टाका, इंचभर नवी नळी ओली करून चढवा, झालं. ही नळी पेठेतल्या कुठल्याही सायकल दुकानात चिल्लरीत मिळते, वितभर घेऊन ठेवा.

जाड टायरच्या सायकलला मोटरसायकलचाच वॉल्व्ह असतो. तो कुठल्याही टायरवाल्याकडं भरता येतो, पण त्या कॉम्प्रेसरवर सायकलची ट्यूब दोन-तीन सेकंदांत फुगून फुटू शकते, तेव्हा थांबत थांबत भरायला सांगा. तिसरा, बारीक लांब वॉल्व्ह रोड बाईकला येतो. त्याच्या टोकाची छोटी चकती आधी सैल करायची आणि एकदा दाबून हवा सोडायची, मगच पंप लावायचा. त्याला साध्या पंपासाठी पितळी अडॅप्टर मिळतो, एक पाकिटात असू द्या.

आता काम. चाक काढा. गिअरची सायकल असेल तर आधी चेन मागच्या सगळ्यात लहान चक्रावर आणा. सगळी हवा सोडा आणि टायरच्या दोन्ही कडा बोटांनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. टायर सैल होतो तो यामुळं, पट्टीच्या जोरामुळं नव्हे. वॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं पहिली पट्टी घाला, वितभर अंतरावर दुसरी, आणि एक कड पूर्ण बाहेर काढा. ट्यूब काढताना तिचा वॉल्व्ह टायरच्या कुठल्या अक्षरासमोर होता ते डोक्यात ठेवा.

ट्यूबमध्ये हवा भरून ती जरा फुगवा आणि ओठांजवळून फिरवा. ओठाला बारीक वाराही कळतो. नाही सापडलं तर बादलीत बुडवा. भोक सापडलं की त्यावर बॉलपेननं मोठी फुली मारा, दोन्ही रेघा पॅचच्या बाहेर जातील एवढ्या लांब. भोकावर नुसता ठिपका दिला तर घासताना तो पुसला जातो आणि मग पॅच शेजारीच बसतो.

पॅच लावण्याआधी थांबा आणि भोक काय सांगतंय ते बघा. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक म्हणजे काटा किंवा तार. ट्यूब टायरवर मघाच्याच जागी धरली की काटा कुठं आहे ते कळतं. आतून बोट फिरवण्याऐवजी कापूस फिरवा, तो काट्याला अडकतो आणि बोट वाचतं. शेजारीशेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेमटली. भोक आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची, स्पोकची टोकं झाकणारी पट्टी सरकलीय नाही तर स्पोकचं टोक वर आलंय. ते कानशीनं घासल्याशिवाय कितीही पॅच लावा, आठवड्यात पुन्हा बसाल.

मग फुलीभोवती पॉलिश पेपरनं घासा. ट्यूबची चमक गेली पाहिजे आणि मधली शिवणीची रेघ सपाट झाली पाहिजे. सोल्युशनचा पातळ थर पॅचपेक्षा थोडा मोठा पसरा. आता हात आवरा. पाच मिनिटं तरी सोल्युशन वाळू द्या, पावसाळी हवेत जास्तच. बोट टेकवल्यावर ओलं लागता कामा नये. ओल्यावर लावलेला पॅच घरी टिकल्यासारखा वाटतो आणि उन्हात सुटतो. पॅच बसवून चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडं दाबत न्या.

बसवताना ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा. वॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून दोन्ही हातांनी कड आत घालत वॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा भाग अंगठ्यांनी जातो. जात नसेल तर पट्टी घेण्याआधी बाकीची कड पुन्हा खोलगट भागात ढकला. शेवटी वॉल्व्ह एकदा आत दाबून बाहेर ओढा, म्हणजे त्याच्याखाली ट्यूब अडकली असेल तर सुटते. पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी कड सारखी बसलीय का ते फिरवून बघा.

चेन: आपल्याकडच्या पावसात मरते ती हीच

इथल्या पावसाळ्यात चेनची दोन प्रकारे वाट लागते. पाणी तेल धुऊन नेतं, आणि तांबड्या मातीचे बारीक कण उरलेल्या तेलात कालवले जाऊन पिनांना घासत बसतात. चेन लांबते म्हणतात ते यामुळं. लोखंड ताणलं जात नाही, आतल्या पिना आणि त्यांची घरं झिजतात आणि प्रत्येक कडीत थोडी थोडी ढील वाढत जाते. लांबलेली चेन मग चक्राचे दात खाते, आणि पाचशे-सातशेच्या चेनपायी पुढच्या-मागच्या चक्रांचा खर्च उभा राहतो.

झीज मोजायला चेन चेकर नावाचं हत्यार मिळतं. छान आहे, पण मला त्याच्यापेक्षा १२ इंची स्टीलची पट्टी आवडते, कारण ती खोटं बोलत नाही आणि घरात असतेच. सायकलच्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, साध्या सायकलचं आणि गिअरच्या सायकलचंही. चेन ताणून धरा, एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा. चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर असेल तर चेन ठणठणीत. एक सोळांश इंच पुढं गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर चेनबरोबर मागची चक्रंही झिजली असणार, दोन्हींची तयारी ठेवा.

स्वच्छतेला जुने टूथब्रश, फाटक्या बनियनचे तुकडे आणि थोडं डिझेल. रॉकेल पूर्वी घरोघरी होतं, आता सहज मिळत नाही. डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं चेन घासा, पायडल उलटं फिरवत चिंधीतून ओढा, चिंधी काळी व्हायची थांबेपर्यंत. मग साबणाच्या पाण्यानं डिझेल धुऊन टाका आणि पूर्ण वाळू द्या. डिझेल चाकांच्या आणि क्रँकच्या बेअरिंगकडं ओघळू देऊ नका, आतलं ग्रीस विरघळतं. आणि वापरलेलं डिझेल गटारात ओतू नका. गटारातून जयंती नाल्याला, तिथून पंचगंगेला जातं ते. बाटलीत भरून ठेवलं की चार दिवसांत गाळ खाली बसतो आणि वरचं डिझेल पुन्हा वापरता येतं.

तेल प्रत्येक कडीच्या आतल्या बाजूच्या गोल रोलरवर एकेक थेंब. एवढंच. पायडल थोडा वेळ उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा, मग बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. बाहेरून ओली दिसणारी चेन म्हणजे धुळीला आमंत्रण. जून ते सप्टेंबर घट्ट, पाण्यात टिकणारं चेनचं तेल. दिवाळीनंतर ऊसतोडीचा हंगाम लागला आणि रस्त्यावर ट्रॉल्यांची धूळ उडायला लागली की पातळ, कोरडं बसणारं. शिलाई मशीनचं तेल ब्रेकच्या वायरीला आणि फ्री व्हीलला (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या मागच्या चक्राला) उत्तम, चेनवर मात्र फार टिकत नाही. गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून घालणारे आहेत. त्यात इंजिनचा कीस असतो, नको. आणि तो फुसफुसणारा स्प्रे गंजलेला नट सोडवायला ठेवा, त्यावर चेन चालत नाही.

चेन तोडायला चेन कटर लागतो. स्वस्तातला घेतला तर पहिली वाकते ती त्याचीच टाचणी, तेव्हा सुटी टाचणी बदलता येते असा घ्या. पिन सरळ रेषेत धरली आहे ना, ते बघून मगच दांडा फिरवायचा. गिअरच्या चेनला काढलेली पिन पुन्हा ठोकू नका, जोडकडी वापरा, आणि ती तुमच्या गिअरच्या संख्येचीच हवी: ८ची ८ला, ९ची ९ला. बिनगिअरच्या चेनला कंगोरेदार क्लिपची कडी असते. तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला ठेवायचं, उघडं मागं. उलटी बसवली तर कुठं तरी अडकून क्लिप उडते.

बिनगिअरच्या सायकलची चेन पडत असेल तर ती आधी ताणा. मागचे दोन्ही नट सैल करा, चाक मागं ओढा, दोन्ही बाजूंनी रिम मधोमध आहे ते बघा, आवळा. चेनच्या मध्यावर बोटानं दाबल्यावर वर-खाली मिळून साधारण सेंटिमीटरभर हलली पाहिजे. अगदी तार केली तर बेअरिंग खाते. नंतर मागचा ब्रेक तपासायला विसरू नका, चाक सरकलं की तोही सरकतो.

ब्रेक आणि वायरी

पन्हाळ्याहून वाघबीळच्या दिशेनं सायकल सोडली की ब्रेकची परीक्षा होते. तिथं जाण्याआधी घरीच बघायच्या गोष्टी: रबराच्या गुटक्यावरच्या खाचा अजून दिसतात का, गुटका रिमलाच टेकतो ना (टायरला लागला तर टायर कापतो), आणि गुटक्यात रुतलेले खडे-ॲल्युमिनियमचे कण. ते टाचणीनं उपटून वरून पॉलिश पेपर फिरवला की निम्मी कर्कश ओरड थांबते. गुटका सैल करून सरकवायला ५ची एलन की पुरते. रॉड ब्रेक असेल तर सळ्यांच्या जोडांवर एकेक थेंब तेल आणि गुटके वेळेवर बदलणं, बाकी त्याला फारशी मागणी नाही.

वायर बदलायला चांगला वायर कटर हा माझा सगळ्यात लाडका खर्च. साध्या पक्कडीनं कापलेली वायर झाडूसारखी पिंजते आणि नंतर कशातूनच ओवली जात नाही. कटर नसेल तर कापायच्या जागी फेव्हिक्विकचे दोन थेंब टाका, वाळल्यावर कापा. वायरीच्या टोकाला टोपी बसवा. ब्रेकच्या बाहेरच्या वेटोळ्या आवरणाच्या जागी गिअरचं आवरण घालू नका. त्यातल्या तारा उभ्या असतात, ब्रेकचा ताण आला की फुटतात.

डिस्क ब्रेकचा एकच नियम: चकतीला तेलाचा हात लागता कामा नये. चेनला स्प्रे मारताना उडालेला तुषारही पुरतो. लागलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. हायड्रॉलिक, म्हणजे नळीतल्या तेलाच्या दाबावर चालणारा, ब्रेक असेल तर सायकल फार वेळ उलटी ठेवू नका, हवा नळीत चढते आणि ब्रेक मऊ होतो.

चाकाचा आऊट काढणं

चाक लंगडतंय, ब्रेकला एकाच जागी घासतंय, म्हणजे रिमला आऊट आलाय. यासाठी स्पोक की. स्पोकच्या टोकाचे निपल, म्हणजे रिममधले बारीक नट, वेगवेगळ्या मापांचे असतात आणि फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा, त्यामुळं की घ्यायला जाताना चाकच घेऊन जा आणि तिथंच लावून बघा. सैल बसणारी की घेतली तर पितळी निपल हातात येतील.

सायकल उलटी करा. ब्रेकजवळ फ्रेमला प्लॅस्टिकची पट्टी बांधून तिचं टोक रिमच्या अगदी जवळ आणा आणि चाक सावकाश फिरवा. जिथं टेकेल तिथं खडूची खूण. रिम डावीकडं झुकली असेल तर त्या जागचा उजव्या बाजूचा स्पोक पाव फेरा आवळा आणि शेजारचे डावे स्पोक तेवढेच, पाव-पाव सैल करा. टायरच्या बाजूनं हबकडं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याकडं, बघत घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं की स्पोक आवळतो. चाकाच्या खालच्या बाजूला वरून बघत बसलात तर हे उलटं वाटतं आणि गोंधळ उडतो, म्हणून नेहमी वरच्या बाजूला आलेल्या स्पोकवरच काम करा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, प्रत्येक पाव फेऱ्यानंतर चाक फिरवून बघायचं.

मिलिमीटरभर आऊट राहिला तर राहू दे. ब्रेकला लागत नाही ना, मग सोडा. चाक खड्ड्यात आदळून रिमच वाकली असेल किंवा रिम वर-खाली उड्या मारत असेल तर मिस्त्रीकडं न्या. वर्षानुवर्षं चाकं बांधणारा मिस्त्री स्पोक बोटानं छेडून आवाजावरून ताण ओळखतो, ते घरी दोन रविवारांत येत नाही.

छर्रे, कोन आणि उद्यमनगर

चाक धरून आडवं हलवल्यावर खुळखुळलं तर कोन, म्हणजे हबमधले छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट, सैल आहे. याला बारीक जाडीचे कोन पाने लागतात, पुढं बहुतेक १३, मागं १५, आणि बाहेरच्या नटाला साधा पाना. कोन धरून ठेवायचा आणि बाहेरचा नट त्यावर आवळायचा. आवळल्यावर चाक फिरायला जड झालं तर पुन्हा थोडा सैल. खुळखुळ नुसती थांबली पाहिजे.

पावसाळ्यानंतर एकदा हब उघडून ग्रीस बदलणं चांगलं. खाली परात ठेवा आणि काढण्याआधी छर्रे मोजा. पुढच्या हबला सहसा ३/१६ इंचाचे १० प्रत्येक बाजूला, मागच्याला १/४ इंचाचे ९. एखादा जरी खडबडीत दिसला तरी सगळेच बदला, नवे-जुने मिसळू नका. ग्रीस मोटारीच्या चाकांचं साधं लिथियम ग्रीस, एपी-थ्री म्हणून मिळतं, पावशेराचा डबा घरातल्या सगळ्या सायकलींना बरीच वर्षं पुरतो.

साध्या सायकलचा क्रँक लडबडत असेल तर कॉटर पिन झिजलेली. नट पिनेच्या टोकाशी सपाट होईपर्यंतच सैल करा, पूर्ण काढू नका, नाही तर हातोडीनं आटे मोडतात. क्रँकखाली भक्कम टेकू द्या आणि एकच पण ठाम घाव घाला. टेकूशिवाय मारलेले घाव सगळे बेअरिंगला बसतात. हा टेकू बनवायला उद्यमनगरात जायचं: जमिनीवर लाकडी ओंडका ठेवून त्याच्यापासून क्रँकपर्यंतची उंची मोजून तेवढ्या लांबीचा जाड लोखंडी पाइपचा तुकडा कापून घ्या, पिन आत शिरेल एवढं तोंड मोकळं. ओंडका विसरू नका, नाही तर फरशी तडकेल. नवी पिन घेताना जुनी नमुन्याला न्या, आणि सपाट बाजू कानशीनं थोडी थोडी घासत बसवा. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या, तरच दोन्ही क्रँक एका रेषेत राहतात.

फ्री व्हील काढायचं हत्यार मात्र घेऊन ठेवावं, पण दांडा लावून घरी झुंजू नका. हत्यार वर्कशॉपच्या मोठ्या व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) पकडायचं आणि अख्खं चाकच त्यावर धरून स्टिअरिंगसारखं फिरवायचं. व्हाइस असलेला एखादा ओळखीचा कारखानदार हे पाच मिनिटांत करू देतो. हेडसेटचे (हँडलच्या मानेतल्या बेअरिंगचे) कप दाबणं, बी.बी.चे (क्रँक जिथं फिरतो त्या फ्रेमच्या नळीचे) आटे पुन्हा पाडणं, फ्रेमचा डोलारा सरळ करणं ही कामं त्यांच्यासाठीच सोडा. त्या हत्यारांची किंमत मजुरीच्या कित्येक पट असते आणि ती वर्षातून एकदाही लागत नाहीत.

ठेवायची कुठं, न्यायचं काय

आपल्याकडच्या दमट महिन्यांत हत्यारंसुद्धा गंजतात. काम झालं की तेलाच्या चिंधीनं पुसून, प्लॅस्टिकच्या बंद डब्याऐवजी जाड कापडाच्या गुंडाळीत ठेवा. बंद डब्यात ओलसर पाना गेला की बाकीच्यांनाही गंज चढवतो. गुंडाळी पोटमाळ्यावर टाकू नका, दाराजवळ टांगा. हाताशी असलं तर वापरलं जातं.

सायकलवर न्यायला सीटखालची छोटी पिशवी पुरे. त्यात एक जादा ट्यूब, दोन पट्ट्या, पॅच-सोल्युशन, ४-५-६ची एलन की, बिनगिअरच्या सायकलला १५चा पाना, एक जोडकडी, हातपंप, आणि हात पुसायला चिंधी. याखेरीज जुन्या टायरच्या कडेचा बोटभर तुकडा कापून ठेवा. केर्लीच्या पुढं काच लागून टायरच फाटला तर नुसती ट्यूब बदलून भागत नाही, ती फाटेतून फुग्यासारखी बाहेर येते. तो तुकडा फाटेच्या आतून, ट्यूब आणि टायरच्या मध्ये बसवायचा, हवा नेहमीपेक्षा थोडी कमी भरायची, आणि खड्डे चुकवत घरी यायचं.